सगळे इकडे बघा रे!

आमच्याकडे बाहेर जायचं ठरवणं सोपं, सगळ्यांना दोन गाड्यांत कोंबणंही एक वेळ जमतं, पण परत निघताना आई जेव्हा "अगं, सगळ्यांचा एक फोटो काढू या ना" म्हणते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. कारण "काढू या" म्हणजे मी काढायचा. हिचा हात हलत नाही, असा शोध घरात कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लावला आणि तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आहे. बदलीचा अर्ज तीनदा देऊन झालाय.

गेल्या रविवारी आम्ही चौदा जण टेकडीवर गेलो होतो. आईबाबा, काका-काकू, आत्या-आतोबा, दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं (एक सहा वर्षांचा, एक आठ महिन्यांचं), चुलत बहीण, माझा नवरा, मी, आणि माझी मैत्रीण, जी आता इतकी घरची झालीय की आई माझ्या तक्रारी तिच्याकडे करते. दिवस मजेत गेला, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते शेवटच्या पाऊण तासाचं.

पहिलं भांडण उभं कुठे राहायचं यावर. उंच मागे, बुटके पुढे, असं मी नुसतं म्हणाले तर आत्या फुरंगटली. "मी बुटकी नाहीये, आज चप्पल पातळ आहे." बरं. मग कडेला कोण? मागच्या खेपेला मी वाइड अँगल लावला होता, त्यात कडेची माणसं आडवी ताणली जातात हे मला माहीत होतं, आतोबांना माहीत नव्हतं. त्यांना त्या फोटोत स्वतःचं जे रूप दिसलं त्यानंतर ते मधल्या जागेवर आधीच जाऊन उभे राहतात, आणि त्यांनी ही विद्या सगळ्यांना शिकवून ठेवलीय. म्हणजे आता तेरा जणांना मध्येच उभं राहायचं असतं. शेवटी आत्याने माझ्या नवऱ्याला कडेला ढकललं. "जावईबापू, तुम्ही जा तिकडे. तुमच्या अंगावर जरा काही दिसेल तरी."

मग बाळ. बाळ मागच्या झाडावरच्या कावळ्याकडे बघत होतं, त्याने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून वहिनीने टाळ्या वाजवल्या, काकूने जिभेने टकटक केलं, बाबांनी तर (आयुष्यात मला कधी हसून दाखवलं नाही त्या बाबांनी) म्हशीचा आवाज काढला. बाळाने दचकून थेट माझ्याकडे बघितलं. मी फोटो काढला. फोटोत बाळ कॅमेऱ्याकडे बघतंय आणि बाकीचे बारा जण बाळाकडे.

तरी बाळाचं एक बरं असतं, त्याचे डोळे उघडे असतात. मोठा माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, तान्ही बाळं मिनिटाला जेमतेम दोन-चार वेळा. आमच्याकडचे मोठे तर पापण्या राखून ठेवतात आणि मी "तीन" म्हटलं की एकेक जण पाळीपाळीने मिटतो. एका फोटोत काकू, पुढच्यात बाबा, त्याच्या पुढच्यात दादा आणि वहिनी दोघं, एकदम, सात फेरे घेतल्यासारखे.

इथे माझ्या मैत्रिणीला ज्ञान आठवलं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी याचं चक्क गणित मांडलंय आणि त्याबद्दल त्यांना २००६ सालचं गणिताचं इग नोबेल मिळालंय. इग नोबेल म्हणजे जे संशोधन ऐकून आधी हसू येतं आणि मग माणूस विचारात पडतो त्याला देतात ते. तर गणित असं की वीसपेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल तर माणसांना तीनने भागायचं, उजेड कमी असेल तर दोनने. येईल तितके फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडायला हवेत. तेरा भागिले तीन, म्हणजे पाच धरा.

पाच काढले. एकही धड नाही. कारण त्या बिचाऱ्यांनी फक्त पापण्यांचा हिशोब केलाय. भाचा शेवटच्या क्षणी आतोबांच्या डोक्यामागे दोन बोटं उभी करतो ते धरलेलं नाही. काकू "थांब थांब" म्हणत केस नीट करते ते धरलेलं नाही. आमचे काका कशात बसवणार? ते तर एव्हाना खडकावर बसून झोपले होते. फोटोत नुसते डोळे मिटलेले आणि रीतसर झोपलेले यातला फरक लगेच कळतो, मान सांगते.

काकांकडे बघून मला दागेरने, म्हणजे फोटोग्राफी सुरू करणाऱ्यांपैकी एका फ्रेंच माणसाने, काढलेला तो फोटो आठवला. १८३८ मध्ये त्याने पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो काढला, तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची, त्यामुळे हलणारं काही उमटायचंच नाही. रस्त्यावर चांगली वर्दळ असणार, पण फोटोत सगळं ओस, फक्त एका कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस दिसतो, कारण तेवढाच पाय पुढे करून थांबला होता. आमच्या खानदानाचा फोटो दागेरने काढला असता तर टेकडी आली असती, झाड आलं असतं आणि काका.

एवढ्यात उजेड उतरला. आधी मैत्रीण "गोल्डन अवर आहे, आत्ता काढ, आत्ता काढ" करत होती, ते गोल्डन संपून नुसतं अवर राहिलं. आता दोनने भागायचं. त्यात आईला जाणवलं की यात मी नाहीये. "तू पण ये गं, नाहीतर तू आलीच नव्हतीस असं वाटेल." दहा सेकंदांचा टायमर लावून फोन दगडाला टेकवून मी धावले, पोचलेही, पण फोन हळूच मागे कलंडला आणि आभाळाचा फार सुंदर फोटो आला. तो सगळ्यांना आवडला, कारण त्यात कुणीच नाही.

शेवटी तिथून एक मुलगा खाली उतरत होता त्याला पकडलं. "दादा, एक फोटो काढता का?" तो बिचारा घाईत, पण नाही म्हणाला नाही. फोन घेतला, "रेडी?" म्हणाला. आम्ही रेडी. काकांना उठवलं. सगळे हसलो. तो उभा, आम्ही उभे. किती वेळ कोण जाणे, गाल दुखायला लागले तरी तो फोन खाली करेना. मग म्हणाला, "झालं काका," आणि फोन माझ्या हातात देऊन गेला.

गाडीत बसल्यावर बघितलं तर फोटो नाही. व्हिडिओ. एक मिनिट बावन्न सेकंदांचा.

आता हा व्हिडिओ काय आहे सांगते. चौदा माणसं पुतळ्यासारखी उभी, सगळ्यांचे दात दिसतायत, आणि ओठ न हलवता त्या दातांमागून आवाज येतायत. "काढला का?" "हलू नका." "माझ्या पायावर कोण उभं आहे?" "किती वेळ लावतोय हा?" "श्श, ऐकेल तो." "अहो, पोट आत घ्या." हे काकूचं होतं, पण चार पुरुषांनी एकदम पोट आत घेतलेलं स्पष्ट दिसतं. मग सत्तावन्नाव्या सेकंदाला बाबांच्या हसऱ्या तोंडातून, "फोन घेऊन पळाला तर?" आणि त्यावर आतोबा, तसेच हसत, "माझे गुडघे गेलेत, तुम्ही पळा."

घरी येऊन सगळ्यांनी तो सतरा वेळा बघितला, हसून हसून काकूला ठसका लागला. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याचा फोन. "ते व्हिडिओ वगैरे ठीक आहे गं, पण फोटो कुठाय? त्यातूनच एक काढून दे की. सगळे चांगले दिसतील असा."

माझा फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो. एकशे बारा सेकंद. म्हणजे ३३६० फोटो. त्या ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी मला धरून सात सांगितले होते.

रोज रात्री सगळं आवरलं की बसते. एकेक फ्रेम पुढे सरकवायची, चौदा तोंडं तपासायची, पुढे. नवरा शेजारून विचारतो, कितवा? काल २११४ वर पोचले आणि ओरडलेच. चौदाच्या चौदा जणांचे डोळे उघडे, काकांचेसुद्धा. बाळ कॅमेऱ्याकडे बघतंय, भाच्याचे दोन्ही हात खाली. लगेच आत्याला पाठवला.

पाच मिनिटांत तिचा फोन. "बाकी छान आलाय हं. पण मी जरा बुटकी दिसतेय का गं यात? पुढचे बघ ना, अजून असतीलच की."