शेकोटीवर पाणी ओतलं म्हणून मिळालेल्या एक स्टारला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू रात्री वाचला, सकाळी परत वाचला, घरात मंडळींनाही वाचून दाखवला. तुम्ही घरच्यांना घेऊन एवढ्या लांब, राधानगरीजवळ आमच्या तंबूंवर राहायला आलात आणि नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून सॉरी. पोरं घाबरली त्याचं तर जास्तच वाईट वाटलं.

पण तुम्ही जे लिहिलंय, "रात्री साडेनऊलाच पेटलेल्या शेकोटीवर मालकानं बादल्या ओतल्या, लाकडाचे 200 रुपये घेऊन, आधी काही न सांगता, या माणसाला माणुसकी नाही", ते वाचून गप्प बसवेना. अंधाराचं, संडासाचं, रेटचं लिहिलंय ते तुमचं मत आहे, त्यावर खाली बोलतोच, पण शेकोटीचं जसं लिहिलंय तसं झालेलं नाही आणि ते वाचून लोक फोन करून विचारायला लागलेत, दोन फॅमिलींनी या शनिवारचं बुकिंग कॅन्सल केलं. आमचा सीझन दिवाळीपासून काजव्यांपर्यंत, म्हणजे जूनचा पाऊस लागेपर्यंतच असतो, पुढं पावसाळाभर गेट बंद. डेअरीला जाणारं दूध आणि हे पाच तंबू, एवढ्यावर घर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, राग मानू नका.

पहिली गोष्ट, शेकोटीला आमच्याकडं कधीच ना नाही. प्रत्येक तंबूला एक लोखंडी घमेलं, खाली तीन दगड, आणि बाहेरनं विकत आणलेलं लाकूड मिळतं. त्या घमेल्यात जाळ करून तुम्ही अकरापर्यंत बसला असतात तर मी चहा घेऊन आलो असतो, विचारायला नाही. म्हणजे साडेनऊ वाजले म्हणून विझवली असं जे वाटतंय ना, त्यात वेळेचा काही संबंधच नाही. तुम्ही जो फोटो टाकलाय, ओल्या राखेचा, तो जरा मोठा करून बघा. मागं उजव्या हाताला तंबूसमोर तीन दगडांवर घमेलं दिसतंय आणि ते रिकामं आहे. पेटलेली लाकडं उचलून तुम्ही मंडळी गवताच्या माळावर मधोमध गेलात, चांदणं चांगलं दिसतंय म्हणून. ते समजू शकतो, चांदणं बघायलाच लोक येतात. पण होळी झाल्यावर आमच्याकडचं गवत कसं असतं ते शहरातल्या माणसाला लांबनं कळत नाही. कमरेएवढं वाळलेलं, हातात चुरगाळलं तर पावडर होते. आणि फोंडा घाटाकडनं, कोकणाच्या अंगानं वारा वर चढायला लागला की तो थांबत नाही. त्या रात्री वारा होता, तुमच्या ताईंची ओढणी उडत होती म्हणून त्यांनी ती कानाला गुंडाळली होती, मला आठवतंय.

वणवा म्हणजे काय हे तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, आम्ही दरवर्षी समोरच्या डोंगरावर बघतो. फेब्रुवारी ते मे रात्री कुठं ना कुठं लाल रेघ दिसतेच. बरेचदा कोणी मुद्दाम लावत नाही, बिडीचं थोटूक, वाटसरूंनी मांडलेली चूल, एवढ्यानं होतं. काही वेळा आमचीच माणसं लावतात, खोटं कशाला बोलू, जुन्या लोकांचा समज आहे की माळ जाळला की पावसाळ्यात गवत जोमानं येतं. येतं ते कोवळं दिसतं खरं, पण दरवर्षी जाळलं की चांगलं गवत हळूहळू कमी होतं आणि त्या जागी रानमोडी आणि घाणेरी माजते, जी जनावर तोंडात धरत नाही. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, राब म्हणतात त्याला, तेसुद्धा वारा बघून, कडेचं गवत काढून, चार माणसं हातात ओल्या फांद्या घेऊन उभी राहतात तेव्हाच काडी लावतात. आमच्या माळाच्या खाली ओढा आहे आणि ओढ्यापलीकडं फॉरेस्टची हद्द. राधानगरी अभयारण्य 1958 चं, महाराष्ट्रातलं पहिलं, 2012 ला पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत आलेलं, गव्यांसाठी लोक कुठनं कुठनं येतात. त्या जंगलाला धोका होईल असा जाळ केला तर 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि गुन्हा पाहुण्यावर दाखल होईल का जमीनमालकावर याचं उत्तर तुम्हीच द्या. पण कायद्याचं सोडा. आग एकदा ओढा ओलांडून गेली की कायदा वाचत बसायला वेळ नसतो.

आता बादल्यांचं. तुम्ही लिहिलंय मी पळत आलो आणि ओरडलो. आलो पळत, ओरडलो पण. जाळ तुमच्या छोट्याच्या मागं हातभर अंतरावर गवताला लागला होता, ते तुम्हाला बसल्या जागेवरनं दिसत नव्हतं कारण तुम्ही जाळाच्या पलीकडं होता. त्या वेळी "दादा जरा सरका" असं हळू आवाजात कोण बोलेल? आधी पोराला उचलून बाजूला घेतलं, मग पाणी ओतलं. पाण्याऐवजी माती टाकली असती तर चाललं नसतं का, असं तुमच्या मित्रांनी विचारलं होतं. नसतं चाललं. मातीखाली निखारा तसाच जिवंत राहतो, आणि माळावर जनावरांचं वाळकं शेण सगळीकडं पडलेलं असतं, ते एकदा धरलं की आतल्या आत धुमसत राहतं आणि पहाटे वारा सुटला की परत पेटतं. म्हणून पाणी ओतायचं, काठीनं हलवायचं, परत ओतायचं, आणि शेवटी राखेवर उलटा हात धरून बघायचं गार झालीय का. तुम्ही तंबूत गेल्यावर मी तिथंच बसून हेच करत होतो. ते पाणी विहिरीवरनं कावडीनं आणलेलं होतं, मार्चमधलं, माझ्या घरचं पिण्याचं.

आणि तुमच्या शेकोटीपासनं वीसेक पावलांवर टिटवीनं चार अंडी घातली होती. घरटं वगैरे काही नसतं, उघड्या जमिनीवर चार खडे बाजूला सारते आणि अंडी घालते, मातीच्या रंगाची, ठिपक्या ठिपक्यांची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून मी तिथं दगडांचं रिंगण केलं होतं. दुपारी तुमच्या मुलीला ते दाखवलं होतं, ती लांब उभी राहून किती वेळ बघत होती तिला विचारा. रात्री टिटवी ओरडत फिरत होती ते तुम्ही "विचित्र आवाज येत होते" असं लिहिलंय. ती घाबरली होती दादा.

"आधी काही सांगितलं नाही" हे मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. ॲडव्हान्स घ्यायच्या आधी मी प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवतो, तुम्हालाही पाठवला होता, त्यात तिसऱ्या ओळीलाच लिहिलंय की जाळ फक्त घमेल्यात, माळावर नाही, झाडाच्या फांद्या तोडायच्या नाहीत आणि पडलेलं लाकूड उचलायचं नाही. तुमचा अंगठा आलेला आहे त्यावर. तुम्ही आल्यावर गेटवर परत तोंडी सांगितलं, तेव्हा गाडीत गाणी चालू होती म्हणून ऐकू गेलं नसेल. तुमच्यातल्या दोघांनी पडलेल्या बेहड्याच्या ओंडक्याची साल काढून जाळात घातली, त्याबद्दल मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. तो ओंडका आम्ही मुद्दाम ठेवलाय, कुजू दिलाय, त्यात किडेमुंग्या, अळंबी, विंचू सगळं आहे. पाहुण्याला सारखं टोकायचं नाही म्हणून गप्प बसलो. तरी मला माणुसकी नाही असं तुम्ही लिहिलंत.

बाकीचं थोडक्यात. लाईट नाही हे खरंय, तंबूत सोलरचा एक दिवा देतो तेवढाच, जनरेटर आणणार नाही. मे संपता संपता काजवे येतात तेव्हा हिरडा-बेहड्याची झाडंच्या झाडं लुकलुकतात, उजेड असला की काजव्याच्या नराचा इशारा मादीला दिसतच नाही. संडासाच्या वाटेवर काहीतरी सोय करायचा विचार चालू आहे, बघतो.

संडास "खड्डा" नाही, कोरडा संडास आहे, त्यात फ्लश नसतो, एक खड्डा भरला की तो वर्षभर बंद ठेवतो आणि दुसरा वापरतो, आणि प्रत्येक वेळी डब्यातलं तूस आणि राख टाकायची असते, म्हणजे वास येत नाही. भाताच्या गिरणीतनं तूस पोत्यानं आणतो. त्या दिवशी तुमच्या ग्रुपमधल्या कोणीतरी तुसाच्या डब्यात कचरा टाकला होता आणि बादलीभर पाणी ओतलं होतं, पाणी गेलं की कोरडा संडास कोरडा राहत नाही, मग वास येणारच. पाटी लावलेली आहे, अजून मोठी लावतो.

रेट. तंबूला 1200, जेवण वेगळं. त्याच पैशात कोल्हापुरात एसी रूम मिळते असं तुम्ही म्हणताय, मिळते, खरंय. पण या तीन एकरात आम्ही पाचच तंबू लावतो, पन्नास लावायला जागा आहे आणि लोक मागं पण लागलेत, पार्टीवाले तर कायमच. पन्नास लावले तर माळ एका सीझनमध्ये तुडवून जाईल आणि मग गवा काय, ससापण यायचा नाही. तंबूच्या जागा दर महिन्याला बदलतो, खालचं गवत पिवळं पडायच्या आत. रात्री दहानंतर स्पीकर नाही हा तर सगळीकडंच नियम आहे, आमच्याकडं दिवसापण नाही. जेवणाला नाचणीची भाकरी, पिठलं, खरडा, आजऱ्याचा घनसाळ भात, सगळं घरचं, मंडळी पहाटे पाचला उठून जातं फिरवते. तुम्ही जेवणाबद्दल एक शब्द लिहिला नाही. भाकरी मात्र तुम्ही दोनदा मागून घेतली होती, ते बघून घरात बरं वाटलं होतं.

तांबडा-पांढरा नाही म्हणून नाराज झालात तेही लक्षात घेतलंय, मटणाचं आधी सांगितलं तर काहीतरी करता येईल.

लाकडाचे 200 रुपये आज तुमच्या नंबरवर परत पाठवलेत, बघून घ्या. जाळ तुम्हाला पूर्ण वापरता आला नाही, मग ते पैसे मला ठेववत नाहीत. स्टार एक द्या, दोन द्या, तो तुमचा हक्क. अंधार आवडला नाही, संडास आवडला नाही, महाग वाटलं, सगळं राहू दे लिहिलेलं. फक्त ते माणुसकीचं वाक्य तेवढं काढा दादा, हात जोडून विनंती आहे. नाही काढलंत तरी हे उत्तर इथंच राहील. आणि परत कधी राधानगरीला आलात, दाजीपूरला गवे बघायला म्हणून जरी, तर चहाला या, पैसे घेणार नाही.