झाडं लावली म्हणजे मासे त्याच संध्याकाळी? अजिबात नाही

"झाडांची टाकी, शून्य मेहनत" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. सहा मुद्दे आणि वर एक हिरवागार फोटो. मी इतके दिवस सोडून देत होतो, पण आता माझ्या मावसबहिणीने तो वाचून टाकी भरली, त्याच दिवशी मासे सोडले आणि आता मला विचारतेय की सगळे वरती येऊन तोंड उघडझाप का करतायत. म्हणून बसलो लिहायला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं, की जिवंत झाडं लावली की फिल्टर नको, पाणी कधीच बदलायला नको, पाणी स्वच्छ दिसलं की त्याच संध्याकाळी मासे सोडा, लाईट जितका जास्त वेळ तितका चांगला, फायटर मासा (बेटा) फुलदाणीत झाडाची मुळं खाऊन जगतो, आणि मासा टाकीच्या मापानेच वाढतो.

आधी तो त्याच संध्याकाळचा मुद्दा घेतो, कारण सगळ्यात जास्त मासे त्यानेच मरतात. पाणी काचेसारखं दिसतंय याचा आणि ते माशाला झेपतंय याचा काडीचा संबंध नाही. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं, आणि अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे डोळ्याला काहीच कळत नाही. तो संपवणारे बॅक्टेरिया नव्या टाकीत जवळजवळ नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, पानांवर हळूहळू बसतात, एक गट अमोनियाचं नायट्राईट करतो, दुसरा नायट्राईटचं नायट्रेट, आणि ही साखळी नीट उभी राहायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. मधलं नायट्राईट तर आणखी वाईट, ते माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं, मग एअर पंप कितीही जोरात चालवा, मासा गुदमरतोच.

यावर हमखास कोणीतरी म्हणतं, "आम्ही तर पहिल्या दिवशीच सोडले, काही झालं नाही." झालं नसेलही. २५ अंश तापमानाला पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे दहापट! तुमचं पाणी आणि शेजाऱ्याचं पाणी एक नाही, त्यामुळे त्याचे मासे वाचले हा तुमच्यासाठी पुरावा होत नाही. त्यापेक्षा अमोनिया तपासायचं लिक्विड किट घ्या. बहुतेक किटमध्ये नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झाक आली की अमोनिया आहे. मासे सोडायच्या आधी अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य यायला हवेत, आणि ते सुद्धा एकदाच नाही, लागोपाठ काही दिवस.

आता अर्धं खरं काय ते पण सांगतो, नाइलाज आहे. मेसेजमध्ये "वॉलस्टॅड पद्धत" असं नाव ठोकून दिलंय. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ च्या पुस्तकात हे सविस्तर मांडलंय की पाणवनस्पती अमोनियम (अमोनियाचंच पाण्यातलं कमी विषारी रूप) थेट शोषतात, आणि नायट्रेटपेक्षा तेच त्यांना जास्त आवडतं. मान्य. म्हणजे झाडं खरंच पाणी साफ करतात. पण त्यांच्या पद्धतीत खाली मातीचा थर, त्यावर बारीक खडी, आणि पहिल्या दिवसापासून टाकी भराभर वाढणाऱ्या झाडांनी गच्च भरलेली असते, मासेही बेताचेच. हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरिया, वर तरंगणारी झाडं, असली खादाड मंडळी. तरंगणाऱ्यांना तर कार्बन डायऑक्साईड हवेतूनच मिळतो म्हणून ती सुसाट वाढतात.

लोक काय करतात, तीन अनुबियास लावतात आणि झाली वॉलस्टॅड टाकी. अनुबियास आणि जावा फर्न नवशिक्यांसाठी मस्त झाडं आहेत, कमी उजेडात तगतात, पण वाढतात इतकी सावकाश की त्यांच्याकडून पाणी साफ व्हायची अपेक्षाच चूक. आणि मेसेजमधल्या फोटोत अनुबियास खडीत खोल खुपसलंय!! त्याचं ते जाड आडवं हिरवं खोड असतं ना, ते गाडायचं नसतं, लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचं. गाडलं की खोड मऊ पडून काळपट होतं आणि धडधाकट दिसणारी पानं एकेक करून सुटून वर येतात, मग म्हणायचं झाड खराब निघालं.

फिल्टर नको म्हणे, झाडं ऑक्सिजन देतात. देतात, उजेडात. रात्री तीच ऑक्सिजन घेतात, त्यामुळे पाणी जरा तरी हलतं ठेवणारा साधा स्पंज फिल्टर लावा. पाणी न बदलता नुसती भर घालत राहिलात तर वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार टाकीतच साठत जातात. लाईट सुरुवातीला ६ ते ८ तास पुरे, बारा-चौदा तास ठेवलात तर शेवाळच पोसाल.

फायटरवाला मुद्दा वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. फायटर मांसाहारी आहे हो, किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा. तो मुळं खात नाही! भुकेने मुळांना तोंड लावताना दिसेल एखाद वेळी, आणि मासे बरेच दिवस उपाशी तग धरतात, त्यावरून लोकांनी ठरवलं की पोट भरतंय. तो वर येऊन हवा घेतो हे खरं, तसा खास अवयवच आहे त्याला, पण म्हणून अमोनिया त्याला बाधत नाही असं नाही, आणि फुलदाणीचं तोंड झाडाने बंद केलंत तर हवा घ्यायला तरी जागा कुठे उरली?

टाकीच्या मापाने वाढतो म्हणजे वाढ खुंटते, बस. गोल्डफिश असेल तर त्याआधी तुमची झाडंच फस्त होतील.

ज्यांनी मासे आधीच सोडलेत त्यांनी घाबरून टाकी रिकामी करून धुऊ नका, तेवढे आलेले बॅक्टेरियाही जातील. अमोनिया किंवा नायट्राईट दिसतंय तोवर रोज २५-३० टक्के पाणी बदला, नवीन पाण्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालून, तापमान जुळवून. खाणं एक दिवसाआड आणि चिमूटभर. हॉर्नवर्टचा मोठा जुडगा नुसता तरंगत सोडा. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज मागून घ्या आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये घाला, कित्येक आठवडे वाचतात, फक्त तो नळाखाली धुऊ नका.