मार्स हिल बाहेरच्यांनी पाडले नाही

अमेरिकेतील सिॲटल शहरात 1996 साली सुरू झालेले मार्स हिल चर्च 2014 च्या सुरुवातीला पाच राज्यांतील 15 शाखांपर्यंत पसरले होते आणि त्याच्या उपासनांना त्याआधीच्या वर्षात दर आठवड्याला सरासरी 12,000 हून अधिक लोक येत होते. 14 ऑक्टोबर 2014 रोजी संस्थापक पाळक (पास्टर) मार्क ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला, 31 ऑक्टोबरला संस्था विसर्जित करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि 1 जानेवारी 2015 रोजी मार्स हिल इतिहासजमा झाले. एका मोठ्या इव्हँजेलिकल मंडळीचा इतका झपाट्याने झालेला अंत समजावून सांगण्यासाठी तेव्हापासून एक युक्तिवाद सतत पुढे केला जातो. तो असा: ड्रिस्कॉल यांच्यावर ना व्यभिचाराचा आरोप होता ना अपहाराचा, स्वभाव तिखट होता इतकेच, त्यांच्यावर लक्ष ठेवायला रीतसर मंडळ होते आणि त्या मंडळाने त्यांना अपात्र ठरवले नाही, तरीही चर्चद्वेष्टी माध्यमे, इंटरनेटवरचे टीकाकार आणि मूठभर नाराज माजी सभासद यांनी मिळून अवघ्या काही महिन्यांत एक जिवंत मंडळी उद्ध्वस्त केली आणि हजारोंच्या जीवनात झालेल्या कामावर पाणी फिरवले.

या युक्तिवादातील एकेक विधान सुटे घेतले तर त्यात थोडेफार तथ्य सापडते, आणि म्हणूनच तो पटकन पटतो. पण 2007 ते 2014 या काळातील घटना क्रमाने मांडल्या की त्यातून निघणारा निष्कर्ष टिकत नाही.

आधी ‘काही महिन्यांत’ या भागाकडे पाहू, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. मार्स हिलची पडझड 2014 च्या उन्हाळ्यात दिसू लागली हे खरे, पण ती सुरू झाली 2007 च्या शरद ऋतूत. त्या वर्षी चर्चच्या घटनेचा, म्हणजे नियमावलीचा, नवा मसुदा वडीलमंडळापुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या नेत्यांपुढे, आला. जुन्या व्यवस्थेत सर्व वडिलांना निर्णयात मत होते. नव्या व्यवस्थेत खरी सत्ता मोजक्या कार्यकारी वडिलांच्या हाती जाणार होती. पॉल पेट्री आणि बेंट मायर या दोन पाळकांनी मसुद्याला हरकती घेतल्या. पेट्री पेशाने वकील होते आणि त्यांच्या हरकती लेखी होत्या. मंडळीतील वडिलांनी घटनेच्या मसुद्यावर मत द्यावे यात वावगे ते काय? परंतु 30 सप्टेंबरच्या संध्याकाळी दोघांनाही कामावरून काढण्यात आले आणि नंतर त्यांची अंतर्गत चौकशी होऊन नेतृत्वावर अविश्वास दाखवल्याचा ठपका पेट्री यांच्यावर ठेवण्यात आला. डिसेंबरमध्ये सभासदांना सांगण्यात आले की पेट्री यांच्याशी सहभागिता तोडावी. ज्या घरातली मुले काल एकत्र खेळत होती, त्या घरांनी आज एकमेकांना टाळायचे, असा त्या सूचनेचा व्यवहारातला अर्थ होता.

काढून टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 1 ऑक्टोबर 2007 रोजी, नव्या मंडळ्या स्थापन करू पाहणाऱ्या पाळकांसमोर बोलताना ड्रिस्कॉल यांनी मार्स हिलला बसची उपमा दिली. या बसच्या मागे प्रेतांचा ढीग पडला आहे, देवाच्या कृपेने आमचे काम संपेपर्यंत त्याचा डोंगर होईल, एकतर बसमध्ये चढा नाहीतर तिच्याखाली या, अशा आशयाचे ते बोल ध्वनिमुद्रित आहेत आणि कुणालाही ऐकता येतात. रागाच्या भरात तोंडातून निसटलेला हा शब्द नव्हता. नवशिक्या पाळकांना मंडळी कशी चालवावी याचा हा धडा होता, आणि त्यामुळेच केवळ तिखट स्वभाव या सबबीत तो बसत नाही.

घटना बदलल्यानंतर पुढे काही वर्षे मार्स हिलची वाढ होत राहिली, हे मान्यच करायला हवे. वाढ होत असताना कोणी मागे वळून पाहत नाही. पण याच काळात ‘नाही’ म्हणू शकणारी माणसे एकामागून एक बाहेर पडत होती, आणि नोकरी सोडताना मिळणारी रक्कम अनेकदा गुप्ततेच्या करारावर सही करण्याच्या अटीला बांधलेली होती. बाहेर पडणारा गप्प आणि आत राहणारा सावध, अशी व्यवस्था तयार झाल्यावर तक्रार फुटली ती थेट 2014 मध्ये, म्हणून ती अचानक वाटते.

आता ‘बाहेरच्या शत्रूंनी’ या आरोपाकडे. सिॲटल हे अमेरिकेतील चर्चला कमी जाणाऱ्या शहरांपैकी एक, तेथील काही वृत्तपत्रांना ड्रिस्कॉल यांची स्त्री-पुरुषांविषयीची मते आवडत नव्हती, हे सारे खरे. पण त्या टीकेने मार्स हिलचे केसही वाकडे झाले नव्हते. उलट तिच्यामुळे प्रसिद्धीच मिळाली होती. घाव बसले ते घरच्यांचे. नोव्हेंबर 2013 मध्ये ड्रिस्कॉल यांच्या पुस्तकातील वाङ्मयचौर्याचा प्रश्न थेट प्रसारणात विचारला तो जॅनेट मेफर्ड या ख्रिस्ती रेडिओवरील निवेदिकेने. मार्च 2014 मध्ये पुस्तक खरेदीचा करार (त्याविषयी पुढे) उघड केला तो ‘वर्ल्ड’ या इव्हँजेलिकल नियतकालिकाने. कागदपत्रे सातत्याने लोकांसमोर आणणारे वॉरन थ्रॉकमॉर्टन हे पेनसिल्व्हेनियातील ग्रोव्ह सिटी या ख्रिस्ती महाविद्यालयात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्याकडे ती कागदपत्रे आतूनच येत होती. 8 ऑगस्ट 2014 रोजी मार्स हिलला आणि ड्रिस्कॉल यांना सदस्यत्वातून काढले ते नव्या मंडळ्या उभारणाऱ्या ॲक्ट्स 29 या संघटनेने, जिच्या स्थापनेत खुद्द ड्रिस्कॉल यांचा हात होता. यात चर्चद्वेष्टा कोण?

‘मूठभर नाराज’ हे शब्दही तपासून घ्यावेत. मे 2013 मध्ये डेव्ह क्राफ्ट या माजी वडिलांनी चर्चच्या नियमांनुसार औपचारिक आरोप दाखल केले, म्हणजे रस्त्यावर उतरण्यापूर्वी दरवाजा ठोठावला गेला होता. ऑगस्ट 2014 मध्ये 21 माजी पाळकांनी नावानिशी आरोपपत्र दिले. त्याच महिन्यात सेवेत असलेल्या नऊ पाळकांनी पत्र लिहून ड्रिस्कॉल यांनी पायउतार व्हावे अशी मागणी केली. पगार आणि घर दोन्ही पणाला लावून केलेली ही मागणी होती. वडिलाविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून स्वीकारू नये, हे बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचन ड्रिस्कॉल यांच्या बचावासाठी वारंवार वापरले जाते. येथे साक्षीदारांची संख्या तिसाच्या घरात होती, आणि तीही पाळकांची.

जुलै 2014 मध्ये एका चित्रफितीत ड्रिस्कॉल यांनी म्हटले होते की तक्रार करणारे निनावी असल्यामुळे समेट नेमका कोणाशी करावा हेच कळत नाही. त्यावर 3 ऑगस्टच्या रविवारी बेलव्ह्यू शाखेबाहेर माजी सभासद ‘आम्ही निनावी नाही’ असे फलक घेऊन उभे राहिले. आत उपासनेला जाणाऱ्यांपैकी कित्येकजण या लोकांना चेहऱ्याने ओळखत असणार, कारण त्यांतील बरेच जण पूर्वी याच मंडळीत सेवा करत होते.

तिसरा मुद्दा मंडळाचा, आणि माझ्या मते संपूर्ण युक्तिवादात हाच सर्वांत फसवा आहे. मार्स हिलला उत्तरदायित्वासाठी एक संचालक मंडळ होते हे खरेच. त्यात बाहेरचे नामांकित पाळक होते, पण ड्रिस्कॉल आणि त्यांचे दोन सहकारी कार्यकारी वडीलही होते. म्हणजे ज्याची तपासणी करायची तोच तपासणाऱ्यांच्या पंक्तीला बसलेला. बाहेरचे सदस्य वर्षातून मोजक्या वेळा भेटणार, माहिती मिळणार ती कार्यालयाकडून, आणि ड्रिस्कॉल यांच्याशी त्यांचे स्नेहसंबंध. पॉल ट्रिप यांनी जून 2014 मध्ये मंडळ सोडले आणि पुढे जाहीरपणे सांगितले की दूर राहणाऱ्या माणसांचे मंडळ स्थानिक मंडळीत खरे उत्तरदायित्व निर्माण करूच शकत नाही. ट्रिप हे टीकाकारांच्या गोटातले नव्हते. मदत करायला म्हणून ते आत गेले होते. त्याच सुमारास मंडळ सोडणारे दुसरे सदस्य जेम्स मॅकडोनाल्ड यांना 2019 मध्ये इलिनॉयमधील त्यांच्या स्वतःच्या हार्वेस्ट बायबल चॅपल या मंडळीने काढून टाकले. कुंपण कोणाचे आणि शेत कोणाचे, असा प्रश्न पडावा अशीच ही रचना होती.

याच मंडळाने ‘अपात्र ठरवले नाही’, हा बचावाचा हुकमी पत्ता. ऑक्टोबर 2014 मधील मंडळाचे निवेदन जरूर वाचावे, मात्र पूर्ण वाचावे. अनैतिकता, बेकायदेशीर कृत्य किंवा पाखंड यांचा आरोप नव्हता, असे त्यात आहे. आणि ड्रिस्कॉल उद्धटपणा, शीघ्रकोप, कठोर बोलणे आणि कर्मचारी व वडिलांवर हुकमत गाजवणे यांबाबत दोषी आढळले, असेही त्यातच आहे. आता तीताला लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय उघडावा. अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा नेता, उद्धट नसावा, रागीट नसावा, असे पात्रतेचे निकष तेथे नावानिशी दिले आहेत, आणि ते पैशाच्या लोभाच्या व मद्यपानाच्या शेजारी, त्याच वाक्यात आहेत. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर कळपावर धनीपण गाजवू नका अशी वडिलांना स्पष्ट ताकीद आहे. पवित्र शास्त्र हेच अंतिम प्रमाण मानणाऱ्या मंडळीने, शास्त्रात अपात्रतेची म्हणून सांगितलेली लक्षणे एका पाळकात सापडल्याचे लिहून त्याच कागदावर त्याला पात्र ठरवावे, हा निकाल त्या मंडळाबद्दल अधिक सांगतो.

पैशाच्या बाबतीत कोणत्याही न्यायालयाने ड्रिस्कॉल यांना दोषी ठरवलेले नाही, हे निःसंदिग्धपणे नोंदवले पाहिजे. माजी सभासदांनी 2016 मध्ये दाखल केलेल्या दाव्यातूनही काही निष्पन्न झाले नाही. पण कायद्याच्या कचाट्यात न सापडणे आणि दात्याशी प्रामाणिक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ड्रिस्कॉल दांपत्याचे विवाहविषयक पुस्तक जानेवारी 2012 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत वर चढावे म्हणून रिझल्टसोर्स नावाच्या कंपनीशी करार झाला. हजारो प्रती वेगवेगळ्या पत्त्यांवर, वेगवेगळ्या खरेदीदारांच्या नावे विकत घ्यायच्या, म्हणजे घाऊक खरेदीचा संशय येणार नाही, असे त्याचे तंत्र होते, आणि सुमारे 2,10,000 डॉलरचा हा खर्च चर्चच्या तिजोरीतून झाला. दानपेटीत पैसे टाकणाऱ्याला यातले काहीही ठाऊक नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. ‘मार्स हिल ग्लोबल’ या नावाने देणग्या मागताना इथिओपिया आणि भारत येथील सुवार्तिकांच्या (ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या) कामाला ठळक स्थान दिले जाई. त्या पैशातील मोठा वाटा प्रत्यक्षात अमेरिकेतील शाखांवर खर्च होत असल्याचे चर्चच्या 2014 मधील खुलाशातूनच स्पष्ट झाले. भारतातील सेवेसाठी परदेशातून येणाऱ्या मदतीकडे आधीच संशयाने पाहिले जाते. आपल्या गरिबीचे चित्र दाखवून गोळा झालेला पैसा सिॲटलमध्ये राहिला असेल, तर त्यावर प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क आपल्याकडच्या मंडळ्यांचा होता.

हजारो लोकांचा विश्वास तेथे जागा झाला, हे मी नाकारत नाही, आणि त्यांच्या अनुभवाला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र तो अनुभव नेत्याच्या वर्तनाचा पुरावा होऊ शकत नाही. शिवाय मार्स हिल विसर्जित झाल्यावर बहुतेक शाखा स्वतंत्र मंडळ्या म्हणून सुरू राहिल्या. म्हणजे जे जिवंत होते ते संस्थेबरोबर मेले नाही. मेली ती रचना, जिच्यात एका माणसाचे प्रवचन पडद्यावरून अनेक शाखांत दाखवले जाई आणि त्या माणसाची पत घसरताच देणग्या आटत. सप्टेंबर 2014 मध्ये, म्हणजे राजीनाम्याच्या आधीच, पगारी कर्मचाऱ्यांत 30 ते 40 टक्के कपात आणि काही शाखा बंद करण्याचे जाहीर झाले होते. राजीनामा दिला नसता तर मार्स हिल वाचले असते, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात घ्यावी.

राहता राहिला एक शेवटचा दावा, की हे सारे आता मिटलेले प्रकरण आहे आणि ते उकरून काढणे क्षमाशीलतेला धरून नाही. क्षमेची सुरुवात कोणी केली ते पाहू. नोव्हेंबर 2014 च्या आरंभी 18 माजी वडिलांनी पेट्री आणि मायर यांची जाहीर माफी मागितली. 2007 मध्ये यांनीच त्यांच्या विरोधात कौल दिला होता. आपण चुकलो, असे त्यांनी सात वर्षांनी लेखी कबूल केले. ड्रिस्कॉल यांनी मात्र पुढे देवानेच आपल्याला मार्स हिलमधून मोकळे केले असे सांगितले आणि 2016 मध्ये ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे ट्रिनिटी चर्च सुरू केले. जुलै 2021 मध्ये मार्स हिलमध्ये त्यांच्याबरोबर सेवा केलेल्या 39 माजी वडिलांनी निवेदन काढून त्यांनी पाळकपद सोडावे आणि ज्यांना दुखावले त्यांच्याशी समेट करावा अशी मागणी केली.