‘पीएस४चा सर्व्हर करून दिला नाही, वर ८०० रुपये घेतले’ : एक स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. हे वाचूनच बरेच जण आम्हाला फोन करायचा की नाही ते ठरवतात, म्हणून उत्तरही इथेच देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जुना पीएस४ (प्लेस्टेशन ४, सोनीचं गेम खेळायचं मशीन) घरचा सर्व्हर करायचा, म्हणजे त्यातून घरात सगळीकडे व्हिडिओ बघायचे, म्हणून आम्हाला बोलावलंत, आमच्या दुकानातला मुलगा येऊन ‘होत नाही’ म्हणाला आणि तरी ८०० रुपये घेऊन गेला. लॅपटॉपवर प्लेक्स (एका मशीनवरचे व्हिडिओ दुसऱ्यावर दाखवणारा प्रोग्राम) बसवून दिलं, ते अडकत अडकत चालतं. सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात. अमेरिकेतल्या तुमच्या मुलाला काही बघायचं तर तिथे पैसे मागतात. आणि एवढं करून आम्ही तुमच्या गळ्यात एक कॉम्प्युटर मारायला निघालो. ‘यूट्यूबवर पोरं हे फुकटात करून दाखवतात,’ असा शेवटी टोला आहेच.

पैशांचं आधी बोलू. ८०० रुपये भेटीचे, तपासणीचे आणि लॅपटॉपवर जे बसवलं त्याचे आहेत. पीएस४ सर्व्हर होणार नाही, मात्र दुसऱ्या मशीनवरच्या फाइल त्याच्यावर दिसतील अशी सोय करता येईल, हे येण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं. खाली रक्कमही होती. त्या मेसेजवर तुमचा अंगठा आहे. त्यामुळे ते पैसे परत मिळणार नाहीत.

आता ‘होत नाही’ म्हणजे काय ते. सर्व्हर म्हणजे वाढपी, आणि पीएस४ हा पंगतीला बसणारा आहे. सोनीने जून २०१५ मध्ये त्याला मीडिया प्लेयर दिला. तो पेन ड्राइव्हवरची फाइल दाखवतो, किंवा घरातल्या दुसऱ्या कुठल्या मशीनवर डीएलएनए सर्व्हर (घरातल्या नेटवर्कवरून फाइल पुरवणारा प्रोग्राम) चालू असेल तर त्याच्याकडून मागून घेतो. आतल्या ५०० जीबीच्या डिस्कवर गेम बसतात, पण तुमच्या नाटकाची फाइल तुम्ही तिथे कॉपी करू शकत नाही. आणि आतल्या खोलीतल्या टीव्हीने पीएस४कडे फाइल मागितली तर द्यायला त्याच्यापाशी काही सोयच नाही. ही आमच्या मुलाच्या हाताची कमी नाही, मशीनच तसं बनवलेलं आहे.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. त्यातल्या पोरांनी जुन्या फर्मवेअरचा (आतल्या मूळ सॉफ्टवेअरचा) पीएस४ हॅक करून त्यात लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी एक फुकट सिस्टिम, चढवलंय. होतं तसं, खोटं नाही. पण ते हॅक मशीन पूर्ण बंद झालं की उतरतं, परत चालू केल्यावर सगळं पहिल्यापासून. डोंबिवलीत शुक्रवारी लाइट जाते तेव्हा हे कोण करत बसणार? शिवाय तुमचा पीएस४ अपडेट होत आलेला आहे, कारण नातू त्यावर मित्रांबरोबर ऑनलाइन फुटबॉल खेळतो. हॅक केलेला कन्सोल नेटवर्कवर सापडला तर सोनी त्याला कायमचा बाहेर काढू शकते. असलं काम आम्ही करत नाही. दुप्पट पैसे देतो म्हणालात, तेव्हाही नाहीच म्हटलं होतं.

पीएस३वर चालायचं मग पीएस४वर का नाही, असंही तुम्ही लिहिलंय. यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. पीएस३ मीडिया सर्व्हर नावाचा एक प्रोग्राम खरंच होता आणि चांगला होता. पण तो बसायचा कॉम्प्युटरवर, आणि तिथून पीएस३ला फाइल पुरवायचा. दुसरी गोष्ट लिनक्सची. २००६ मध्ये पीएस३ बाजारात आला तेव्हा त्यावर लिनक्स टाकायची सोय सोनीने स्वतःच दिली होती. १ एप्रिल २०१०च्या ३.२१ या अपडेटने ती काढून घेतली. लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली असती तर नवल नाही, पण ती थट्टा नव्हती. अमेरिकेत त्यावरून ग्राहक कोर्टात गेले आणि सोनीला तडजोड करावी लागली. पीएस४ला ती सोय कधी मिळालीच नाही.

समजा कसंबसं जमवलंही, तरी वीज बघा. पहिल्या पिढीचा पीएस४ मेनूवर नुसता उघडा ठेवला तरी ८० वॉटच्या आसपास खातो. सर्व्हर म्हटला की दिवसरात्र चालू. महिन्याला सत्तावन-अठ्ठावन युनिट, तेही कुणी काही बघत नसताना.

आता अडकण्याचं. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या कारणांनी अडकतंय आणि अभिप्रायात दोन्हीची एकच तक्रार झाली आहे.

तुमच्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ अडकतो तो वायफायमुळे. तुमचा पीएस४ पहिल्या मॉडेलचा आहे, त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडता येतं. ५ गिगाहर्ट्झ पुढच्या स्लिम आणि प्रो मॉडेलना आलं. तुमचं राउटर बेडरूममध्ये, पीएस४ हॉलमध्ये टीव्हीमागे कोनाड्यात, आणि सोसायटीतल्या प्रत्येक घराचं राउटर त्याच पट्ट्यात ओरडतंय. फोटोग्राफरने दिलेली लग्नाची फाइल चांगली जड आहे, ती या रस्त्याने वेळेत येतच नाही. पण त्याच पीएस४ला मागे गिगाबिटचं लॅन पोर्ट आहे. आमच्या मुलाने बॅगेतली लांब केबल बेडरूमपासून हॉलपर्यंत जमिनीवरून ओढली, तीच फाइल लावली, आणि मंगलाष्टकांपासून अक्षता पडेपर्यंत चाक एकदाही फिरलं नाही. तुम्ही स्वतः ‘आता बरोबर आहे’ म्हणालात. मग काकू म्हणाल्या की भिंतीवरून वायर दिसायला नको, आणि त्याने ती गुंडाळून परत आणली. घर त्यांचं आहे, त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण मग ‘अडकतं’ हे आमच्या नावावर टाकू नका.

काकूंच्या कोरियन मालिकांचं कारण निराळं, त्याला केबलचा उपयोग नाही. त्या फाइल एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) आहेत, त्याही १० बिटच्या, म्हणजे रंगांच्या जास्त छटांच्या. पीएस४वरच्या प्लेक्सला एचईव्हीसी कळत नाही. मग सर्व्हरला, म्हणजे तुमच्या लॅपटॉपला, चित्र उलगडून एच.२६४ या जुन्या पद्धतीत पुन्हा बांधून पाठवावं लागतं, आणि तेही मालिका चालू असताना. तुमचा लॅपटॉप चौथ्या पिढीचा आय३ आहे. एचईव्हीसी उलगडायचं हार्डवेअर त्यात नाही, सगळा भार प्रोसेसरवर. मुलाने तुम्हाला प्लेक्सचा डॅशबोर्ड उघडून दाखवला होता. लग्नाच्या व्हिडिओपुढे ‘डायरेक्ट प्ले’ (फाइल आहे तशी), मालिकेपुढे ‘ट्रान्सकोड’ (पुन्हा बांधून), आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्क्यांना चिकटलेला. त्या वेळी लॅपटॉपचा पंखा हॉलपर्यंत ऐकू येत होता.

चौकोनांचं याच्याशीच नातं आहे. मालिकेची हिंदी सबटायटल वेगळ्या एसआरटी (सबटायटलच्या) फाइलमध्ये आहेत. फाइल ठीक आहे, यूटीएफ-८मध्ये (देवनागरी चालणाऱ्या पद्धतीत) आहे, मोबाइलवर अक्षरं नीट दिसली. तुमच्या टीव्हीवर मात्र देवनागरीच्या जागी चौकोन येत होते, म्हणजे दाखवणाऱ्याकडे फॉन्ट नाही. यावर उपाय असा, की सर्व्हरनेच अक्षरं चित्रावर छापून पाठवायची. ते आम्ही करून पाहिलं, अक्षरं स्वच्छ आली. पण छापायचं म्हणजे प्रत्येक फ्रेम नव्याने बांधायची, आणि ते झेपेल असा तो लॅपटॉप नाही. म्हणून ते सेटिंग परत बंद ठेवलं.

कॉम्प्युटरचा विषय इथून निघाला. गळ्यात मारायला आमच्याकडे त्या दिवशी एकही मशीन नव्हतं, आजही नाही. मुलाने एका कागदावर लिहून दिलं होतं, की ऑफिसातून निघालेला जुना छोटा डेस्कटॉप कुठूनही घ्या, फक्त प्रोसेसर इंटेल सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, कारण १० बिटचं एचईव्हीसी उलगडायची सोय तिथपासून आहे. कागदावर आमच्या दुकानाचं नाव नाही, भाव नाही. एक खर्च मात्र आहे, आणि तो कागदाच्या तळाशी लिहिला आहे. प्लेक्समध्ये ती हार्डवेअरची मदत घ्यायला पैसे भरावे लागतात. जेलीफिन हा प्लेक्ससारखाच प्रोग्राम फुकट आहे, पण पीएस४साठी त्याचं ॲप नाही. तुम्हाला बघायचंय पीएस४वरच, म्हणून प्लेक्स.

अमेरिकेतल्या मुलाकडे मागितलेले पैसेही प्लेक्सचे, आमचे नाहीत. २९ एप्रिल २०२५पासून घराबाहेरून आपल्याच फाइल बघायला त्यांनी पैसे लावले, आणि कायमस्वरूपी पासची किंमत जवळजवळ १२० डॉलरवरून २५० डॉलरवर नेली. मलाही ते आवडलेलं नाही. स्वतःच्या घरातलं नाटक स्वतःच्या मुलाला दाखवायला तिऱ्हाइताला पैसे का द्यायचे, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, फक्त पत्ता चुकला. मुलगा तिकडे मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर बघत असेल तर त्याच्यापुरतं जेलीफिन त्याच लॅपटॉपवर बसवता येईल. बाहेरून पोचायला व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतची खाजगी वाट) लावावं लागेल. ते काम आम्ही करतो, पण ते वेगळं काम आहे.

जाता जाता एक गोष्ट तुमच्या अभिप्रायात राहून गेली. तुमच्या जुन्या व्हीसीडींवरची नाटकं. व्हीसीडीवरचे व्हिडिओ डॅट नावाच्या फाइलमध्ये असतात, म्हणून प्लेक्स त्यांना ओळखतच नव्हतं. मुलाने सगळ्यांचं एक्स्टेन्शन बदलून एमपीजी केलं, प्रत्येकाला नाटकाचं नाव दिलं, अंक एक अंक दोन असं लावलं. ३५२ गुणिले २८८चं चित्र, त्यामुळे तुमच्या त्या लॅपटॉपलाही त्याचं काही वाटत नाही. ती वायफायवरही चालतात. याचे आम्ही निराळे पैसे लावलेले नाहीत.

केबलबद्दल काकूंशी एकदा पुन्हा बोला. पंख्याच्या वायरिंगच्या पाइपातून ती नेऊ नका, वीज आणि लॅन एका पाइपात नको. दाराच्या चौकटीवरून पांढऱ्या पट्टीतून नेली तर फारशी दिसत नाही. केबल कॅट ६ घ्या, कुठल्याही दुकानातून. क्रिम्पिंग (टोकांना प्लग बसवणं) करून हवं असेल तर दोन्ही टोकं घेऊन या, सोमवारी आम्ही बंद असतो.