खेळाडू द्या, खेळाडू घ्या

काल्पनिक खेळाडूंच्या अदलाबदलीवरून हाडामांसाची माणसे किती मनापासून भांडू शकतात, हे ज्याला पाहायचे असेल त्याने एखाद्या ऑनलाइन बेसबॉल लीगचे कमिशनरपद, म्हणजे कारभार आणि निवाडे पाहण्याचे काम, स्वीकारावे. मी ते न्यू जर्सीत राहून स्वीकारले आहे. आमच्या लीगमध्ये बारा संघ आहेत आणि त्यांचे मालक म्हणजे आमच्या ऑफिसातले काही सहकारी, मराठी मंडळातले काही स्नेही, पुण्याला कायमचा परत गेलेला एक जुना शेजारी आणि माझा धाकटा मेहुणा. प्रत्येकाने खेळाडू निवडायचे, त्यांच्याशी करार करायचे, बॅटिंगचा क्रम लावायचा आणि रात्री सर्व्हरने खेळवलेल्या सामन्यांचे निकाल सकाळी चहाबरोबर पाहून कपाळाला हात लावायचा, असा हा खेळ आहे. मी क्रिकेटवर वाढलेला असल्यामुळे बेसबॉलमधले मला सगळ्यांत कमी कळते, म्हणून सगळ्यांत निःपक्षपातीही मीच, असा निष्कर्ष काढून सर्वानुमते माझी नेमणूक झाली. पदाची अट म्हणून मला माझा संघ सोडावा लागला. तो तळाला होता, त्यामुळे या त्यागाची कोणी दखल घेतली नाही.

कमिशनरचे मुख्य काम म्हणजे ट्रेड, अर्थात संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, मंजूर करणे, आणि क्रिकेटच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे प्रकरण पचायला वेळ लागतो. मुंबईने गावसकर देऊन दिल्लीकडून बेदी घेतला, असे रणजी करंडकात कधी घडले नाही. बेसबॉलमध्ये मात्र देण्याघेण्याला कसलाही विधिनिषेध नाही. १९४८ साली ब्रुकलिन डॉजर्स या संघाला रेडिओवर समालोचन करण्यासाठी माणूस हवा होता. तो, म्हणजे अर्नी हारवेल, अटलांटाच्या संघाकडे होता. तेव्हा डॉजर्सनी क्लिफ डॅपर नावाचा एक कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू, अटलांटाला देऊन समालोचक घरी आणला. ज्या खेळाच्या इतिहासात असे सौदे नोंदलेले आहेत, त्या खेळाच्या संगणकी आवृत्तीत ‘हा सौदा न्याय्य आहे काय?’ असा प्रश्न माझ्यापुढे रोज रात्री मांडला जातो.

आमच्या अकाउंट्स विभागातल्या एका गृहस्थांनी एकदा पाच खेळाडू देऊन चोवीस वर्षांचा एक शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक, मागितला. आमच्या प्रोग्रॅममध्ये सौद्याचा समतोल दाखवणारी एक पट्टी आहे. ती दोन्ही बाजूंच्या खेळाडूंच्या किमतींची बेरीज करते आणि बेरजा जुळल्या की हिरवी होते. येथेही ती हिरवीगार झाली. वस्तुस्थिती अशी होती, की ते पाचही जण प्रत्येकी थोडेथोडे बरे होते आणि शॉर्टस्टॉप एकटाच फार चांगला होता. अमेरिकेतल्या मोठ्या लीगप्रमाणे आमच्याकडेही संघात सव्वीसच जागा आहेत आणि मैदानावर शॉर्टस्टॉपची जागा एकच असते. त्यामुळे पाच साधारण खेळाडू घेणाऱ्याला आपले चार जण काढून टाकावे लागतात, आणि देणाऱ्याच्या मोकळ्या झालेल्या चार जागांवर तसेच साधारण खेळाडू बाजारात जवळजवळ फुकट मिळतात. बेसबॉलचे गणिती लोक खेळाडूची किंमत शून्यापासून मोजत नाहीत, अशा फुकटात मिळणाऱ्या बदली खेळाडूपासून मोजतात, ते याचसाठी. पट्टीला हे कळत नाही आणि अकाउंट्सवाल्या गृहस्थांना फार चांगले कळते. सौदा नामंजूर केला, तेव्हा ‘बेरीज चुकली असेल तर दाखवा’ एवढेच ते शांतपणे म्हणाले, आणि बेरीज खरोखरच चुकलेली नव्हती.

त्यात स्काउटची, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्या माणसाची, भानगड वेगळीच. खेळाडूंना वीस ते ऐंशीच्या मापात गुण देण्याची बेसबॉलमधली जुनी पद्धत आहे. पन्नास म्हणजे सरासरी. आमच्या खेळात प्रत्येक संघाने आपापला स्काउट पगार देऊन ठेवलेला असतो आणि प्रत्येकाला खेळाडू त्याच्याच डोळ्यांनी दिसतो. त्यामुळे एकच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एका मालकाला पासष्टचा दिसतो, दुसऱ्याला पंचेचाळीसचा, आणि दोघेही आपापल्या पडद्याचे फोटो पाठवून मला शपथेवर सांगतात, की समोरचा धडधडीत खोटे बोलतो आहे.

माझ्या आधीच्या कमिशनरांनी यावर लोकशाहीचा उपाय केला होता. प्रत्येक ट्रेड मतदानाला टाकायचा आणि चार मते विरुद्ध पडली तर तो रद्द करायचा. कागदावर नियम निर्दोष होता. प्रत्यक्षात मत देणारे सगळे त्याच विजेतेपदाच्या मागे लागलेले होते. ज्या सौद्यात दोन्ही संघांचा फायदा, त्यात उरलेल्या दहांचा तोटा, म्हणून सौदा जितका चांगला तितकी विरोधी मते जास्त. जे मंजूर होत, ते असे सौदे, की ज्यांत कोणाचेही काही भले होत नसे. एका संपूर्ण हंगामात दोन दुखापतग्रस्त आउटफील्डर एकमेकांच्या जागी गेले, याखेरीज उल्लेखनीय असे काही घडले नाही.

मतदान बंद करून मी सूत्रे हाती घेतली आणि मग मेहुण्याचे प्रकरण उघडकीस आले. त्याच्या पत्नीच्या नावानेही लीगमध्ये एक संघ होता. नवराबायको एकाच छंदात रमलेली पाहून आमच्या घरात त्यांचे कौतुकही होत असे. होळीला दोघेही आमच्याकडे जेवायला आले होते. मेहुणा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता, आणि त्याची पत्नी माझ्यासमोर ओट्याशी, दोन्ही हात कोपरापर्यंत पुरणाच्या कणकेत बुडवून उभी होती. तेवढ्यात माझ्या फोनवर सूचना आली, की तिच्या संघाने आपला सेंटर फील्डर एका चौतिशीच्या डावखुऱ्या पिचरच्या बदल्यात मेहुण्याच्या संघाला देऊ केला आहे.

“अगं, तुझा सेंटर फील्डर चालला,” मी म्हणालो.

“अगंबाई! कुठे चालला, भावजी?” तिने काळजीने विचारले, आणि मग जरा थांबून, “जेवायला थांबणार होता का?”

एका मालकाचे दोन संघ, हा ऑनलाइन खेळांतला सगळ्यांत जुना रोग आहे, असे मला तोवर वाटत होते. तो ऑनलाइन खेळांपेक्षा शंभर वर्षांनी जुना निघाला. क्लीव्हलँड स्पायडर्स या बेसबॉल संघाचे मालक रॉबिसन बंधू यांनी १८९९ साली सेंट लुइसचाही संघ विकत घेतला आणि नामांकित पिचर साय यंगसकट क्लीव्हलँडचे सगळे चांगले खेळाडू तिकडे नेले. मागे उरलेला संघ त्या हंगामात २० सामने जिंकला आणि १३४ हरला. क्लीव्हलँडची प्रेक्षकसंख्या इतकी घसरली, की पाहुण्या संघांना तिकडे येणे परवडेना आणि स्पायडर्सना उरलेले बहुतेक सामने परगावी जाऊन हरावे लागले. पुढच्या हंगामाआधी लीगने तो संघच बरखास्त केला. हा सगळा इतिहास मी मेहुण्याला सविस्तर ऐकवला. तो म्हणाला, “पण दाजी, सेंट लुइसचे काय झाले ते सांगा ना.” सेंट लुइस पाचवे आले, हे ऐकून मात्र त्याचा चेहरा पडला. एवढे करून पाचवेच यायचे असेल तर काय उपयोग, असे त्याला वाटले असावे. दुसरा संघ त्याने सोडला.

दुखणे एवढ्याने संपत नाही, कारण दोन संघांचे मालक दोन असले तरी त्यांची मने एक असू शकतात. १९५५ साली कॅन्सस सिटीला आलेल्या अ‍ॅथलेटिक्स संघाचे मालक अर्नल्ड जॉन्सन यांचे न्यूयॉर्क यँकीजच्या मालकांशी व्यवहाराचे संबंध होते, आणि पुढची काही वर्षे कॅन्सस सिटीत कोणी बरा खेळू लागला की तो यथावकाश न्यूयॉर्कला पोहोचत असे. रॉजर मॅरिस १९५९च्या डिसेंबरमध्ये असाच गेला आणि १९६१ साली त्याने ६१ होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, मारून बेब रूथचा एका हंगामातला विक्रम मोडला. कमिशनरने अशा वेळी काय करावे, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे तेव्हाचे कमिशनर बोवी कून यांनी घालून दिलेले आहे. १९७६च्या जूनमध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी तीन खेळाडू बॉस्टन आणि न्यूयॉर्कला मिळून ३५ लाख डॉलरना विकले, तेव्हा कून यांनी खेळाच्या हिताचे कारण देऊन तिन्ही व्यवहार रद्द केले. फिन्ली कोर्टात गेले आणि हरले. मला कून यांचा हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी, की फिन्ली त्यांचे मेहुणे नव्हते.

मग मी आमच्या गावाकडचा वाटणीचा नियम लागू करून पाहिला. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. त्याप्रमाणे जो मालक सौदा सुचवील, त्याने तोच सौदा उलट बाजूनेही करायला तयार असले पाहिजे, असे मी जाहीर केले. कल्पनेची पुष्कळ वाखाणणी झाली आणि लगेच ती कोसळली, कारण जमीन दोन्ही भावांना सारखीच हवी असते, तसे येथे नसते. ज्याच्याकडे तीन कॅचर आहेत आणि पिचर नाही, त्याला कॅचर देऊन पिचरच हवा असतो. उलट सौदा करून चौथा कॅचर घ्यायला तो कसा तयार होणार? गरजा वेगळ्या असतात म्हणून तर अदलाबदल होते.

यावरून माझे मत असे बनले, की सौद्याची किंमत योग्य आहे काय, हा प्रश्न कमिशनरने विचारूच नये, कारण त्याचे उत्तर पट्टीला, स्काउटला, मतदारांना किंवा मला, कोणालाच देता येत नाही. विचारायचे ते एवढेच, की हा खेळाडू मिळू शकतो हे बाकीच्यांना वेळेवर कळले होते काय. म्हणून आता नियम असा आहे, की ज्याला खेळाडू द्यायचा असेल त्याने तो चोवीस तास सर्वांसमोर मांडायचा, आलेला प्रत्येक देकार सर्वांना दिसला पाहिजे, आणि मग मालकाने हवा तो देकार स्वीकारावा. एखाद्याने मुद्दाम कमी देकार स्वीकारला तर तो का स्वीकारला, हे त्याने चारचौघांत लिहायचे. लाजेचा धाक किती प्रभावी असतो, ते यातून दिसले. अकाउंट्सवाल्या गृहस्थांच्या पाचास एक योजना उजेडात येताच कोणीतरी त्याच शॉर्टस्टॉपसाठी दोन चांगले पिचर देऊ केले, आणि पट्टी कधी नव्हे ती बाजूला पडली.

तक्रारी थांबल्या, असे मात्र कोणी समजू नये. आम्ही येथे रात्री नऊ वाजता खेळाडू मांडतो, तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेसहा वाजलेले असतात. पुणेकर शेजाऱ्याचे म्हणणे असे, की झोपेतून उठलेल्या माणसाला सेकंड बेसमन विकत घ्यायला लावणे हाच मुळात अन्याय आहे. त्याची सुनावणी चालू असतानाच मेहुण्याने आपला छत्तीस वर्षांचा, भरमसाट पगाराचा कॅचर नियमाप्रमाणे चोवीस तास मांडला. एकही देकार आला नाही. शेवटी याच पुणेकराने ‘नंतर ठरवायच्या खेळाडूच्या’ बदल्यात तो घेतला, आणि सर्व काही उघडपणे झालेले असल्यामुळे मी सही केली. मध्यंतरी सर्व संघांच्या पगारमर्यादेची तपासणी झाली आणि तीत मेहुण्याचा संघ काठावर पास झाला. त्यानंतर पुण्याहून ठरलेल्या खेळाडूचे नाव आले. ते त्याच कॅचरचे होते.

मी फोन केला, तेव्हा मेहुण्याने पूर्वीचा दाखला तयार ठेवलेला होता. १९६२ साली क्लीव्हलँडने हॅरी चिटी नावाचा कॅचर नंतर ठरवायच्या खेळाडूच्या बदल्यात न्यूयॉर्क मेट्सना दिला होता, आणि दीड-दोन महिन्यांनी मेट्सनी बदल्यातला खेळाडू म्हणून चिटीलाच परत पाठवले होते. “त्या सौद्यात कोणी हरकत घेतली होती का, दाजी?” त्याने नम्रपणे विचारले. मी निकाल राखून ठेवला आहे. अकाउंट्सवाल्या गृहस्थांनी दोन्ही संघांचे गुण कापावेत असा अर्ज दिला आहे, पुणेकराने आपण झोपेत होतो असे लेखी कळवले आहे, आणि बायकोने भावाला येत्या रविवारी परस्पर जेवायला बोलावले आहे.