पहाटे साडेपाचचा ऑर्वेल

भाचा लंडनला असतो. गेल्या डिसेंबरात मी निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळाऐवजी त्याने धमकीच दिली. "मामा, दिवसभर शब्दकोडी सोडवत बसू नकोस. मी रोज झोपताना तुला ऑर्वेलचा एक उतारा इमेल करत जाईन."

जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची दोन पुस्तकं मला ठाऊक. एक डुकरांचं, 'अ‍ॅनिमल फार्म'; दुसरं सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या मोठ्या भावाचं, '१९८४'. दोन्ही नोकरीत असताना वाचली आणि दोन्ही वेळा हा माणूस आमच्याच कचेरीत कधीतरी हंगामी लागला असावा, अशी शंका आली. आता सुटलोय, तर पुन्हा तेच कशाला? पण भाच्याचं म्हणणं, कादंबऱ्या नव्हेतच. हा गृहस्थ पोटासाठी वर्तमानपत्रांत, साप्ताहिकांत जे लिहायचा, ते. हिवाळ्यात तिकडे मध्यरात्र झाली की आमच्याकडे पहाटेचे साडेपाच. फोन टिंग करतो, ही कूस बदलते आणि म्हणते, "आले तुमचे साहेब."

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी आमच्या चहात हात घातला.

१२ जानेवारी १९४६ च्या 'इव्हनिंग स्टँडर्ड' या लंडनच्या दैनिकातला लेख. चहा करण्याचे अकरा नियम. अकरा! आमच्या सोसायटीच्या लिफ्टचे सातच आहेत. पानं भारतातली किंवा सिलोनचीच हवीत. चिनी चहाने माणसाला आपण शहाणे, शूर झाल्यासारखं वाटत नाही म्हणे. इथवर माझी मान अभिमानाने डोलत होती. पुढे प्रकरण चिघळलं. किटली आधी शेगडीवर शेकून घ्यायची. पाणी किटलीकडे न्यायचं नाही, किटली पाण्याकडे न्यायची. सव्वा लिटरच्या आतबाहेरच्या किटलीला सहा चमचे, तेही शिगोशीग. गाळणी नाही. दूध साय काढलेलं, आणि कपात आधी चहा, मगच दूध. साखर अजिबात नाही. साखर घालायची तर मिरपूड किंवा मीठ घालायला काय हरकत आहे, असा त्याचा सवाल. बरं, तेव्हा तिकडे चहा रेशनवर, आठवड्याला माणशी दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम. अंगात मस्ती म्हणतात ती ही.

रविवारी मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आमच्याकडे पाणी, साखर, आलं, गवती चहा, पूड आणि दूध हे सगळे एकाच पातेल्यात एकत्र कुटुंबासारखे उकळतात. मी मुद्दाम पानांचा चहा आणला, माळ्यावरून लग्नातली किटली काढली, शेकली, सहा चमचे मोजले. आणि तेवढ्यात व्याही आले. न कळवता.

व्याह्यांनी एक घोट घेतला. मिशीत दोन पानं अडकली, एक दाताला चिकटलं. ते खाली न पाहता म्हणाले, "वेगळाच आहे." मराठी माणूस एखाद्या पदार्थाला 'वेगळा' म्हणतो तेव्हा त्याने त्याचं अंत्यदर्शन घेतलेलं असतं. विहीणबाईंनी हळूच साखर मागितली. मिरपुडीचा मुद्दा सांगायला मी तोंड उघडलं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

"कुठला हो हा माणूस?" ते गेल्यावर हिने किटलीतला गाळ कुंडीत ओतत विचारलं.

"जन्म मोतिहारीचा, बिहारमधला. १९०३. वडील सरकारी अफू खात्यात होते."

"तरीच."

पुढचा फटका फेब्रुवारी १९४६ च्या 'ट्रिब्यून' साप्ताहिकातून बसला. पुस्तकं महाग म्हणून लोक वाचत नाहीत, हे खरं का, हे ताडून पाहायला या माणसाने घरातली पुस्तकं मोजली. ४४२. त्यातली २५१ विकत घेतलेली, १४३ परीक्षणासाठी आलेली, आणि एक रकाना चक्क 'उसनी आणून परत न केलेली' : १०. या रकान्यावर मी फिदा झालो. सगळा हिशेब करून निष्कर्ष असा की वाचनावर वर्षाला साधारण २५ पौंड जातात आणि तंबाखूवर जवळपास ४०.

मीही लगेच पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली. पुस्तकं ३१८. उसनी न परतवलेली २६, पैकी एकावर वाचनालयाचा १९८७ चा शिक्का. मग, हिशेब पुरा व्हावा म्हणून, प्रामाणिकपणे तंबाखूचा रकाना भरला. मी तंबाखू सोडल्याला घरच्या नोंदीनुसार नऊ वर्षं झाली आहेत. पाकीट मी टेबलावर विसरलो. त्यानंतरचा आठवडा इथे लिहिण्यासारखा नाही.

समेट घडवून आणला तोही ऑर्वेलनेच. एका पहाटे आलं की १९४१ ते १९४३ हा बीबीसीच्या पौर्वात्य विभागात होता. लंडनमध्ये बसून युद्धाचा साप्ताहिक आढावा इंग्रजीत लिहायचा, आणि त्यातले काही मराठीत भाषांतर होऊन हिंदुस्थानात ऐकवले जायचे. आपल्या मराठी निवेदिका वेणू चितळे त्याच्याबरोबर तिथे काम करत होत्या. ही उठून बसली. "अहो, आमचे आजोबा कोल्हापुरात रेडिओला कान लावून लंडनच्या बातम्या ऐकायचे!" मग जरा थांबून, "एका शब्दावर विश्वास नव्हता त्यांचा." मी पुढचं वाचून दाखवलं. राजीनाम्यात ऑर्वेलने लिहिलं होतं की आपण स्वतःचा वेळ आणि जनतेचा पैसा वाया घालवतोय, यातून निष्पन्न काही होत नाही. आजोबांचं नि त्याचं एकमत ऐकून हिला फार बरं वाटलं. त्या दिवशी चहात आलं जास्त होतं.

जुलैत रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी न्हाणीघरातून हाक आली. मोरीच्या कोपऱ्यात बेडूक. हिच्या हातात खराटा. मी उकिडवा बसलो, कारण आदल्याच आठवड्यात एप्रिल १९४६ चा उतारा आला होता : बेडकाइतका सुंदर डोळा क्वचितच कुणा प्राण्याला असेल, सोन्यासारखा.

"काय बघताय?"

"डोळा."

तीही वाकली. खरंच सोनेरी होता, मध्ये काळी आडवी फट.

"बघून झालं असेल तर उचला. कसा उचलायचा ते लिहिलंय का साहेबांनी?"

लिहिलं होतं. मादीच्या शोधात असलेला नर पुढे केलेलं बोटसुद्धा घट्ट कवटाळतो, आणि आपली फसगत झाली हे त्याला बऱ्याच वेळाने कळतं.

"मग द्या बोट."

दिलं. कुंपणापर्यंत सोडलं नाही त्याने.