आमिश म्हणजे सेंद्रिय नव्हे

“आमिश लोक शेतात कसलंही रसायन वापरत नाहीत. त्यांच्या स्टॉलवरचं सगळं घरच्या शेतातलं असतं. त्यांची अंडी फ्रिजबाहेर महिनाभर टिकतात, आणि गडद बलक म्हणजे दुप्पट पोषण. म्हणूनच त्यांना आजार होत नाहीत. रविवारी मुलाबाळांना घेऊन जा.” न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतोय. मी गेली कित्येक वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत रस्त्याकडेला असलेल्या आमिश स्टॉलवरून अंडी आणि भाजी आणते, यापुढेही आणणार आहे. या शेतकऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर भलतंसलतं खपवलेलं बघवत नाही.

पहिलं रसायनांचं. आमिश हा एक ख्रिस्ती पंथ आहे, ती शेतीची पद्धत नाही. त्यांच्या चर्च-मंडळीच्या नियमांना ते ऑर्डनुंग म्हणतात. मोटार बाळगायची का, घरात बाहेरून तारेची वीज घ्यायची का, शेतात ट्रॅक्टर घालायचा का, हे त्यातून ठरतं. कीटकनाशकांना त्यात सरसकट बंदी नाही. एकदा जूनमध्ये आडरस्त्याला गाडी थांबवून मी बघत राहिले होते: पुढे खेचरं जुंपलेली, मागे फवारणीची टाकी, टाकीपाशी धडधडणारं पेट्रोल इंजिन, आणि गवताची हॅट घातलेला एक पोरगा लगाम धरून उभा. आपल्याकडे सोयाबीनवर फवारणी चालू असताना बांधापर्यंत जो उग्र वास येतो, तोच तिथे येत होता. याच काउंटीत आमिश शेतकरी पिढ्यानपिढ्या तंबाखूही पिकवत आलेत.

आणि ते यातलं काही लपवत नाहीत. पुढच्याच स्टॉलवर मी बाईंना विचारलं, कशाकशावर मारता? त्या म्हणाल्या, “मक्यावर मारतो, नाहीतर कणसात अळी पडते. फरसबीवर नाही. पीच आमचे नाहीत, शेजारच्यांचे आहेत, त्यांना विचारा.” तीन वाक्यांत संपलं. हा प्रश्न आपल्यातले किती जण विचारतात? मेसेज वाचून गेलेला माणूस विचारतच नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं तो धरून चालतो.

प्रमाणित सेंद्रिय शेती करणारे आमिशही भरपूर आहेत. ऑरगॅनिक व्हॅली या मोठ्या सहकारी संस्थेचे कितीतरी सभासद आमिश आहेत. पण ते सेंद्रिय ठरतात ते अमेरिकी कृषी खात्याच्या नियमांमुळे, घोडागाडीमुळे नाही. वर्षाला 5,000 डॉलरपेक्षा कमी सेंद्रिय माल विकणाऱ्याला प्रमाणपत्र काढावं लागत नाही, नियम मात्र त्यालाही पाळावे लागतात. तेव्हा पाटी नसली तरी माल सेंद्रिय असू शकतो. विचारायला मात्र हवं.

“सगळं घरच्या शेतातलं”: काही स्टॉलवर खरंच तसं असतं. काहींवर शेजाऱ्यांचा माल असतो, काहींवर लिलावातून आणलेला. लिओलासारख्या गावात भाजीपाल्याचा लिलाव होतो, तिथे दुकानदारही येतात आणि स्टॉलवालेही. हंगाम लक्षात ठेवला की बरंचसं आपोआप कळतं. मे महिन्यात ॲस्परॅगस आणि रुबार्ब, जूनच्या आसपास स्ट्रॉबेरी, जुलैपासून गोड मका आणि उघड्या शेतातले टोमॅटो. मेमध्ये टोमॅटो दिसले तर ते प्लॅस्टिकच्या घरात वाढवलेले असतील किंवा दक्षिणेकडून आलेले.

अंड्यांचा मुद्दा मला सगळ्यात काळजीचा वाटतो, कारण यात पोट बिघडण्यापेक्षा मोठा धोका आहे. कोंबडी अंडं घालते तेव्हा टरफलावर एक पातळ नैसर्गिक थर असतो. तो शाबूत असेल तर अंडं बाहेर बऱ्यापैकी टिकतं, युरोपात दुकानातली अंडी म्हणूनच न धुता ठेवतात. अमेरिकेत अंडी धुण्याची पद्धत आहे, आणि धुतलं की तो थर जातो. मग अंडं 45 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावं लागतं. आमिश घरांतही अंडी अनेकदा धुतलेली असतात. शिवाय साल्मोनेला हा विषबाधा करणारा जंतू नुसता टरफलावर नसतो, कोंबडीच्या अंडाशयातून तो अंड्याच्या आतही येऊ शकतो. तिथे आमिश कोंबडी आणि कारखान्यातली कोंबडी हा भेद चालत नाही. अमेरिकी अन्न-औषध प्रशासनाचा 2009 चा साल्मोनेलाविषयीचा नियम 3,000 किंवा जास्त कोंबड्या असणाऱ्यांनाच लागू आहे, छोटा शेतकरी त्यात येत नाही. घरी लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर अर्धकच्चं हाफ-फ्राय नकोच. पाण्यात तरंगणारं अंडं जुनं असतं एवढंच खरं, बुडालं म्हणजे निर्धोक असं नाही.

रंगाचं थोडक्यात. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर जातो: लेगहॉर्नचं अंडं पांढरं, ऱ्होड आयलंड रेडचं तपकिरी. गावठी म्हणून लालसर अंड्याला चार पैसे जास्त मोजायची आपली सवय इथेही आपल्याबरोबर आली आहे. बलकाचा रंग खाद्यातून येतो, गवत आणि मक्यातून. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घालूनही तो गडद करतात, दसऱ्याला आपण दाराला बांधतो तोच झेंडू. मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ओमेगा-3 थोडं जास्त असू शकतं, प्रथिनं तेवढीच.

“आजार नाहीत” हे तर त्या समाजावर अन्याय करणारं आहे. लँकेस्टर काउंटीत 1989 पासून एक दवाखाना चालतो, तो आमिश आणि त्यांच्या जवळच्या मेनोनाइट पंथातल्या मुलांच्या आनुवंशिक आजारांसाठीच काढलेला. त्यांच्या मुलांत दमा कमी दिसतो, ही गोष्ट मात्र खरी आहे: 2016 च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा सुमारे 5 टक्के आणि हटराइट या त्यांच्यासारख्याच दुसऱ्या ख्रिस्ती पंथातल्या मुलांत 21 टक्के दिसला. पण दोन्ही समाजांचं खाणं साधारण सारखंच आहे. संशोधकांना फरक सापडला तो घरातल्या धुळीत. आमिशांचा गोठा घराला लागून असतो, मुलं त्या धुळीतच वाढतात. डझनभर अंडी विकत आणून ती धूळ घरी येत नाही.

आणि रविवारी जाऊ नका. रविवार त्यांचा प्रार्थनेचा दिवस, स्टॉलवर “रविवारी विक्री नाही” अशी पाटी असते. शनिवारी सकाळी जा, स्टॉलवरच्या पैशांच्या पेटीत टाकायला सुटे पैसे घ्या, गाडीत बर्फाचा डबा ठेवा, आणि त्यांचे फोटो काढू नका, ते त्यांना आवडत नाही.